तोंड उघडंच ठेवा, आई

—अजून थोडं मोठं उघडा, आई. अजून. घरी तर याच्या दुप्पट उघडतं, इथे खुर्चीत बसल्यावर काय झालं? — नाही नाही, चिडू नका, गंमत केली. सुनेच्या हातात पक्कड असताना सासूने चिडू नये. सुई दिलीये, आता ओठ, जीभ, गाल सगळं जड पडेल, दाढ कधी निघाली ते कळणारसुद्धा नाही. दुखलंच तर हात वर करा. बोलायचं मात्र नाही. — अं अं काय? तेच म्हणतेय मी. लग्न होऊन आले तेव्हापासून आज पहिल्यांदा मी बोलतेय आणि तुम्ही ऐकताय, जरा सुख घेऊ द्या की मला.

तर काय सांगत होते — सिस्टरना मुद्दाम बाहेर पाठवलंय, दोघींतच बोलायचं होतं — मला पुढच्या शिक्षणाला प्रवेश मिळालाय. हो, मला. डोळे मोठे करू नका, दिवा डोळ्यांत जाईल. लहान मुलांच्या दातांचं पोस्ट ग्रॅज्युएशन, तीन वर्षं, दुसऱ्या शहरात, हॉस्टेलवर राहून — चाळिशी उलटल्यावर मी मेसच्या रांगेत ताट घेऊन उभी, बघा डोळ्यांसमोर आणून! परीक्षा गुपचूप दिली. तुमच्या मुलाला तेव्हा सांगितलं, कार्यशाळेला चाललेय. आता कळलंय त्याला, म्हणतो, "तुला वाटेल तसं कर." — हे काय उत्तर झालं? भाजी कुठली करू विचारलं तरी हेच म्हणतो. आणि कशाला हवंय हे, म्हणाल तर — परवा ती पोर आली होती, झोक्यावरून पडून पुढचे दात मोडलेली, आईच्या गळ्याला घट्ट मिठी, तोंड म्हणून उघडेना. मी तिच्या बाहुलीचे दात तपासले, बाहुलीला रागावले, बाहुलीला औषध लिहून दिलं — तेव्हा कुठे उघडलं तिने. आणि मग मलाच सांगावं लागलं, पुढचं काम मला येत नाही, दुसऱ्या डॉक्टरांकडे न्या. काय रडली हो! मीही रडले, आत औषधांच्या खोलीत. दरवेळी हेच, लाडीगोडी मी लावायची आणि पाठवायचं दुसऱ्याकडे. कंटाळा आला मला. मला ते यायला हवंय, बस्स.

आता जरा दाब वाटेल — हं — हट्टी आहे हो तुमची दाढ, तुमच्यावरच गेलीये. तर आज पाचच्या आत त्या कॉलेजला कळवायचंय, नाहीतर जागा दुसऱ्या कुणाला जाते. मैत्रिणी विचारतात, कॉलेजातल्या मॅडम विचारतात, काय ठरलं? मी सांगते, बघू, माझं काही नाही हो, पण घरी सासूबाई आहेत, त्यांना नाही चालायचं, पोटच्या मुलीला टाकून जाते म्हणतील, त्यांचे विचार आपले जुने — काय झालं? हात का वर केलात? दुखतंय? एवढं बधिर केलंय, हे बघा, टोचते — लागलं? नाही ना? मग खाली घ्या. — खाली घ्या ना, आई.

बरं. कबूल. तुम्ही कधी नाही म्हणालाच नाहीत. तुम्हाला विचारलंच कुठे मी? आत्ता कानावर घालतेय, तेही तोंडात पक्कड घालून. पण तुमच्यावर खापर फोडणं इतकं सोपं होतं! सासू म्हटलं की कुणी पुढे विचारतच नाही. मागच्या आठवड्यात तर एकीने मला तुमच्या जाचापायी कॉफी पाजली, वर केकही. — हसू नका, हात हलतोय माझा. खरं सांगू? तुम्ही नको म्हणाल याची भीती नाही. तुम्ही जा म्हणाल, याची आहे. मग माझ्याकडे काय सबब उरली? वर्गात ती कालची पोरं धडाधड उत्तरं देणार आणि मी चष्मा शोधत बसणार. नापास झाले तर? आणि त्याहून वाईट म्हणजे इकडे माझ्यावाचून तुमचं सगळ्यांचं मजेत चाललं तर? कुणाचं काही अडलंच नाही तर मी इतकी वर्षं — जाऊ दे. हे बोलायचं नव्हतं मला. — निघाली! ही बघा. मुळं बघा केवढाली.

हा कापूस घट्ट चावून धरा, अर्धा तास. थुंकायचं नाही, गुळणी नाही, आणि बोलायचं तर मुळीच नाही. डॉक्टर म्हणून सांगतेय. — हो, माझ्या सोयीचं आहे, कळतंय मला. चला, बाहेर बसा आता, पुढचे पेशंट खोळंबलेत. उठा ना. डोळे कसले वटारताय? कापसाला हात लावू नका! काय ते घरी गेल्यावर — अहो, माझा फोन कशाला घेताय? द्या इकडे. आई! लागला तो. कुणाला लावलात? सगळ्यात वर तर कॉलेजचाच नंबर आहे, सकाळपासून मीच लावतेय आणि वाजायच्या आत बंद करतेय — हॅलो? हो. हो, मीच बोलतेय. त्या जागेबद्दलच — एक मिनिट हं. आई, मनगट सोडा, नाही बंद करत मी. शप्पथ. — बरं, नका सोडू. — हो मॅडम. येतेय मी.