मास्तर दिराचं वेळापत्रक

आमच्या शेजारच्या शांताबाईनं मास्तर दिराचं तोंड कसं बंद केलं, ते ऐका. मी काही कान लावून बसले नव्हते, आमच्या मधली भिंतच ठेंगणी.

जानेफळची शाळा दोन कोस, म्हणून तिची कमल घरीच शिकून सातवीला बाहेरून बसणार होती. थोरले दीर खामगावला मास्तर. त्यांनी वेळापत्रक लिहून दिलं: आईनं रोज दोन तास जवळ बसून शिकवायचं. वर म्हणाले, "नाही जमलं तर पोरीले मी नेतो." तिकडे नेऊन तिला धुण्याभांड्यालाच लावणार, हे मायलेकींना पक्कं ठाऊक.

शांताबाईच्या मागे भाजीचा मळा, दोन लहान पोरं, म्हैस. तीन दिवस शिकवायला बसली, तर भाकरी करपल्या. चौथ्या दिवशी तिनं ते वेळापत्रक चुलीत घातलं. मग कमल मोठ्यानं धडा वाची, अन् ही मिरच्या खुडता खुडता एवढंच विचारी, "काऊन? असं का?" उत्तर आलं नाही की पोरगी पुन्हा पुस्तकात.

दिवाळीत दीर परीक्षा घ्यायला आले. "सांग, दिवस-रात्र कशानं होते?"

"पृथ्वी फिरते म्हणून."

"बरोबर."

"मंग काका, आपल्याले फिरल्यावानी काऊन नाही वाटत?"

दिरांनी टोपी काढली, पुन्हा घातली. "ते पुस्तकात नाही."

शांताबाईनं मिरच्यांवरून मान वर केली नाही. "मंग भाऊजी, रोज दोन घंटे बसत जा तिच्याजवळ. तीच शिकवील तुम्हाले. पण इथंच. पोरगी कुठं जात नाही."