देवजीचं कार्ड आणि पाकटाचा काटा

...नाही, पण मला सांगा, पाकटाने काटा मारलेला माणूस आधी पाय बघेल की कार्ड? पाकट म्हणजे शेपटीला विषारी काटा असलेला मासा, आणि आमचा शेजारी देवजी, जन्म बोटीवर गेलेला माणूस, किनाऱ्यावरच्या गुडघाभर पाण्यात बोट ढकलताना नेमका त्याच्यावर पाय देऊन उभा राहिला. बोंबलत घरी आणला. त्याची बायको जमुना, तिनं आधी चुलीवर पाणी ठेवलं, कारण आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक, पाकट लागला की पाय सोसेल तितक्या कढत पाण्यात. तर हा काय म्हणतो? "पाणी उतरव. कार्ड आहे ना आपल्याकडे."

कार्ड विम्याचं. भाचा विपुल विमा विकतो, त्यानं मामाच्या गळ्यात मारलेलं. तेव्हापासून हा माणूस एकदाही आजारी पडला नाही, आणि तुम्हाला सांगतो, त्याला ते खुपत होतं. आमचा जहाजावर नोकरी करणारा मनीष एकदा म्हणाला, "काका, विलायतेत पाय मोडला तरी बिल नाही, सगळ्यांचं सरकार बघतं." तर देवजी त्याला, "बिलच नाही, तर बरा झालो हे कळायचं कसं?" घ्या. काय बोलणार याच्याशी?

गाडी माझी, नशीब माझं. डहाणूच्या सरकारी हॉस्पिटलसमोर मी ब्रेक दाबला, मागून आवाज, "पुढे घे, इथे कार्ड चालत नाही." चारोटी गेली, तलासरी गेली, तिथलाही सरकारी दवाखाना मागे पडला, पाय सुजून भोपळा झालेला, आणि जमुना तो मांडीवर घेऊन पदराने वारा घालतेय... भ्यायली होती हो, पाय जातो की काय म्हणून. शेवटी पार गुजरातेत, काचेचं हॉस्पिटल, एसी असा की ओले बोंबील आठवडाभर टिकतील. काउंटरवरची पोरगी गोड हसली, "अंकल, अप्रूवल नथी आव्युं, बेसो." विमा कंपनीची मंजुरी आली नाही म्हणे, बसलो. मग पुन्हा, "अंकल, माछलीनं मारलं ते आजारात की अपघातात?" देवजी घामाने निथळतोय, तरी कार्ड छातीशी धरून. विपुलला फोन लावला, तर तो, "मामा, टेन्शन नका घेऊ, फक्त चोवीस तास अॅडमिट राहा. त्याच्या आत बरे होऊ नका." ऐकलंत? बरे होऊ नका!

जमुना उठली. मासळीची पाटी उचलावी तसा नवरा उचलला, गाडीत टाकला, मला म्हणाली, "भाऊ, तलासरी." देवजी कळवळत, "अगं, पण कार्ड आहे ना आप..." "गप बसा," ती म्हणाली, आणि लग्नापासून पहिल्यांदा तो गप बसला.

तलासरीला सिस्टरनं आधी पाय बघितला, नाव मागून विचारलं. बादली आली, कढत पाणी, पाय आत. मग डॉक्टरांनी काट्याचा तुकडा काढला, धनुर्वाताचं इंजेक्शन, गोळ्या. ठणका उतरला तशी जमुना भिंतीला टेकून घळाघळा रडली. म्हणजे बघा, जे पाणी तिच्या चुलीवर उकळत होतं, त्यासाठी आम्ही राज्य ओलांडून आलो. आणि देवजी? सिस्टरला हळूच विचारतोय, "चोवीस तास ठेवता का?" ती म्हणाली, "कशाला काका? बरे झालात, आणि खाट बाळंतिणीला हवी आहे."

पुढच्या आठवड्यात कंपनीचा मेसेज. 'वर्षभर एकही क्लेम न करता निरोगी राहिल्याबद्दल आपले अभिनंदन, आपणास बोनस.' पायाला पट्टी बांधून हा गृहस्थ तो मेसेज दाखवत अख्ख्या आळीत लंगडत फिरला. जमुना कार्डाला नावं ठेवत नाही. हा बोटीवर निघाला की कार्ड स्वतःच त्याच्या खिशात घालते, आणि माझ्या गाडीत, स्टेपनीच्या शेजारी, कढत पाण्याचा थर्मास आणून ठेवते. विचारलं तर म्हणते, "राहू दे भाऊ. कार्ड आहे ना आपल्याकडे."