जाईला खुड

तमिळ मुलखातल्या पापनाशमच्या बसमध्ये पुढच्या बाकावर मायलेकी बसल्या होत्या. मुलगी अडखळत मराठी बोलत होती.

"अम्मा, खुडणं म्हणजे काय? देवाघरी जाण्याआधी आजी म्हणाली होती, जाईला खुड."

"नखाने कोवळा शेंडा तोडायचा. मग एकाचे दोन फुटवे येतात."

"मी कात्रीने बुडापासून कापली. मला वाटलं, तमिळमधलं वेट्टु, कापणं."

"वेट्टु नव्हे गं, किळ्ळु, चिमटीने तोडणं."

"आजीकडे हा खुडणं शब्द आला कुठून?"

"तिच्या आजीकडून."

"मग मला का नाही दिला?"

"तू शाळेत जायला लागलीस, तेव्हा मीच तिला म्हटलं, हिच्याशी तमिळच बोल."

"मग रोज सकाळी जाईपाशी ती काय पुटपुटायची?"

"मराठीच. तुला सांगायचं ते सगळं जाईला सांगायची."