सिमिटाचा गोळा

बारामतीत तांबटाच्या दुकानापुढं रंगूबाई गळकी कळशी घेऊन नंबराची वाट बघत होती. तिच्या पुढं डाळजचं एक म्हातारं जोडपं फुटका हंडा मोडीत घालून नवा घ्यायला आलं होतं. कळशी मांडीवर, पण रंगूबाईचे कान सगळे पुढं.

“आता सांगा तांबटाला, हंडा कशानं फुटला त्ये.”

“सांगतो की! चोरी केलीय व्हय? विहिरीला ऊन पाण्याचा झरा लागला. गवंडी म्हणला, सिमिटानं बांधू. म्हणलं, ऊन पाण्यात सिमिट टिकतंय का, त्ये आधी बघू.”

“म्हणून गोळा माझ्या न्हाणीच्या हंड्यात! दिवाळीपास्नं रोज शिजतोय. पाव्हण्यांनीबी त्याच पाण्यानं अंघोळी केल्या.”

“कुणाला खरूज झाली का?”

“खरूज न्हाय झाली, पर गोळा आपटून आपटून हंड्याचं बूड गेलं!”

“आन् गोळ्याचा कपचा तरी उडाला का?”

म्हाताऱ्यानं उपरण्यातनं गोळा काढला. रंगूबाईला राहवलं नाही.

“बघू वं आबा.” तिनं नखानं खरवडलं, तर नखच तुटलं. “अगं बया! लई टणक हाय की!”

“ऐकलंस?”

“ऐकलं. झालं न्हवं तुमच्या मनासारखं? आता विहीर बांधा आन् नव्या हंड्याला हात लावू नगा.”

“असं कसं? अजून चुन्याचा गोळा शिजवायचा ऱ्हायलाय.”

तेवढ्यात तांबटानं आतून विचारलं, “बोला आजी, केवढा हंडा देऊ?”

“दोन द्या, दादा. एक अंघोळीला आन् एक ह्यांच्या चुन्याला.”