पाणी आलं तेव्हा

तुम्ही हसाल, पण मला अजून दाराच्या बेलची भीती वाटते. आमच्या कात्रपच्या सोसायटीतले आम्ही आठ-दहा जण रविवारी दुपारी आपापल्या घरी बसून मोबाईलवर तो गोळीबाराचा गेम खेळतो. परवा शेवटी दोघंच उरलो, मी आणि शेजारचे पवारकाका. तेवढ्यात नळाला पाणी आलं. काका माईकवर म्हणाले, "थांब रे, मोटर लावून येतो. मारू नको." गेममधला त्यांचा माणूस तसाच उघड्यावर उभा राहिला. मी "हो काका" म्हटलं आणि त्याच्या डोक्यात गोळी घातली.

जिंकलो म्हणून ओरडलोसुद्धा. मग लक्षात आलं, पलीकडून मोटरचा आवाजच येत नव्हता. काका उठलेच नव्हते. त्यांनी सगळं बघितलं होतं.

बेल वाजली. कडी काढली, तर दारात काका.

"काका, गेम आहे हो," मी म्हटलं.

"गेमच आहे," ते शांतपणे म्हणाले. "पण 'हो' तू म्हणालास, गेममधला माणूस नाही."

मग त्यांनी हात पुढे केला. "आमच्या घराची एक चावी तुझ्याकडे असते ना, ती दे."