नळीतला रंग

"हॅलो? … हॅलो? … कोण बोलताय? …"

राहीने फोन उलटा धरला होता. आगबोटीच्या एजंटाच्या कचेरीत हे यंत्र नवंच बसलेलं, आणि तिने ते आजवर फक्त खिडकीच्या गजांतून पाहिलं होतं. विठू कारकुनाने टेबलामागून उठून ते तिच्या हातात सुलट केलं, तेव्हा कुठे मुंबईहून भिवाचा आवाज तिच्या कानात शिरला. भिवा तिचा नवरा. मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात शिपाई होता.

"अवो, मीच! राही! … येताय ऐकू. वरडू नका, कानात घुमताय. … हो, कमळीला आणलीय. ही काय, खोक्यावर बसून मिठातला आवळा चोखतेय. … पायाची खोक सुकली. … हो, हो… अवो, ऐका ना आधी! बाटल्या काल यायच्या होत्या ना? कोल्हापूरची मोटर आली नि गेली. मी सडकेवर भिजत उभी. डायवरला विचारला, तर तो म्हणतो, मुंबईचा काय नाय, बाये. … कधी पाठवलात तुमी? …"

पलीकडे नुसती खरखर.

"पाठवलात ना?"

पावसाळ्यात आगबोटी बंद. तेवढे महिने कमळीचं औषध घाटावरून मोटारीनं यायचं. बोटाएवढी बाटली, आत पाण्यासारखं काहीतरी. रोज सकाळ-संध्याकाळ राही स्वतः पाणी उकळून सुई धुवायची आणि पोरीच्या मांडीत टोचायची. टोचताना पोरीला मांजरीची गोष्ट सांगायची, म्हणजे पोरगी हलायची नाही. मुंबईच्या डॉक्टरसाहेबांनी तिला समजावलं होतं. खाल्लेली साखर अंगी लावणारा एक रस माणसाच्या पोटातल्या ग्रंथीत पाझरतो. या पोरीचा तो आटलाय. हे औषध म्हणजे तोच रस, बाहेरून भरायचा. तो थांबला की पोरगी थांबली. आधी गावच्या वैद्याने नुसतं उपाशी ठेवून बघितलं होतं, तेव्हा कमळी कशी दिसायची ते राहीला आठवायचं नसे. हे औषध विकत घेणं त्यांच्या सात पिढ्यांना झेपलं नसतं. पण साहेबांचा अभ्यास चालला होता, भात खाणाऱ्या माणसांच्या मधुमेहाचा. किती भाताला किती औषध, ते शोधायचं. भिवाने हातापाया पडून त्यात कमळीचं नाव घालून घेतलं, म्हणून ते फुकट मिळे.

"काय केलानी? … नाव काढलानी? … कुणाचा? … अवो, नीट सांगा, तोंडातल्या तोंडात नको. … कमळीचा?"

विठूने मान वर केली.

"का पण? … पथ्य मोडला? कोण म्हणतो? … मी? मी कधी सांगितला? … हां. … पुनवेच्या दुसऱ्या दिवसाचा रंग. … होता विटकरी. विटकरीला विटकरीच सांगणार ना? … मी नाय दिला! तुमच्या आयनं दिलान. नारळीभात. एक घास. मी दर्यावर गेलेली, नारळ सोडायला. … नाय, तिला काय बोलू नका. म्हातारी त्या दिवसापासनं धड जेवत नाय. सगळ्यांच्या पानात भात, नि पोरगी खांबाला धरून बघत उभी. नाय बघवला तिला. … मी पण बोलले नाय. काय बोलू? …"

रोज उजाडता राहीचं हेच काम. पोरीची लघवी घ्यायची, काचेच्या नळीत साहेबांनी दिलेलं निळं पाणी, त्यात थेंब टाकायचे आणि चुलीवर धरायचं. निळं राहिलं तर पोरगी बरी. हिरवं झालं तर जरा सांभाळायचं. पिवळं, मग विटकरी झालं तर साखर वाहून चालली. त्या सकाळी नळी तिच्या डोळ्यांदेखत निळ्याची हिरवी झाली, हिरव्याची पिवळी झाली आणि थांबलीच नाही. विठू आठवड्याला तिचे रंग कार्डावर लिहून मुंबईला धाडायचा. त्याही आठवड्याला धाडले.

"साहेबांनीच सांगितलानी होता! तुमी दाराशी उभे होतात. बाई, रंग खोटा सांगू नको, नायतर माझा सगळा काम पाण्यात जाईल. … मग? … बाकीच्यांचा? … सगळ्यांचा निळाच? … वर्सभर? … त्या चिपळूणच्या बाईच्या पोराचा पण? … अवो, ती बाई बोटीवर माझ्यासमोर पोराला मोदक भरवत होती! वर मलाच म्हणते, खातेस का गो. … हसू नाय तर काय करू? … म्हणजे तिनं खोटा सांगितलान, तिचा पोर नावावर राहिला. नि मी खरा सांगितला, तर माझ्या पोरीची सुई बंद. असाच ना? … असाच ना, सांगा की! …

"कोण? … साहेब? आता? … तुमच्या बाजूला उभे हायत? … नको, मी काय बोलू त्यांच्याशी! … काय सांगू? … रंग कळत नाय? … कुणाला, मला? … अवो, कल्ल्याच्या रंगावरनं मी मासा कालचा का आजचा ते सांगते. बाजारात बायका माझ्याकडे मासे दाखवायला आणतात. नि मी सांगू, मला रंग कळत नाय? … नाय सांगणार. … नाय म्हणते ना! पथ्यात रोज एक मूठ भात मोजून घालते मी पोरीला. ती म्हणते आये, वाडग्याला लागलेला तरी चाटू? तर वाडगा उचलून घेते. कसायासारखी. नि आता मीच येडी व्हायचा? … कोण गो? … मधेच ही कोण बाई? … वेळ झाली? … तोडू नको गो बाय, तोडू नको! पोराच्या जिवाचा काम हाय! …"

तारेवर काहीतरी कडकडलं आणि थांबलं. भिवाने पुढची वेळ घेतली असावी. कमळी खोक्यावरून उतरून आईच्या पदराशी आली होती. आवळा संपला होता, बी तोंडात होती. औषध सुरू झाल्यापासून तिच्या गालांवर थोडं मांस चढलं होतं. घरी शिंक्यात ठेवलेल्या बाटलीत मात्र तळ ओला होता, एवढंच. राहीने तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि तो हात तिथंच राहिला.

"हॅलो? … जी. नमस्कार, साहेब. … हो, मीच कमळीची आय. … नाय साहेब, पथ्य नाय मोडला. … ते… मला रंग कळत नाय, साहेब. … लहानपणापासनं. … भीतीनं बोलले नाय. अडाणी बाई मी. … जी? … बायकांना असा होत नाय? … मासेवालीला होत असेल, साहेब. … आता? … अंगावरचा लुगडा?"

लुगडं हिरवं होतं. भिवाने शिमग्याला येताना आणलेलं, पानासारखं हिरवंगार. विठूचा टाक कागदावर थांबला.

"तांबडा. … तांबडाच असेल, साहेब."

"गो आये, हिरवा ना!" कमळी खणखणीत ओरडली. राहीने तिचं तोंड तळहाताने दाबलं, इतकं घट्ट की आवळ्याची बी तिला हाताला टोचली.

"काय नाय, साहेब. पोर बडबडताय. …"

आणि मग मुंबईतलं हसणं ऐकू आलं. साहेब तिथल्या कुणाला तरी इंग्रजीत ते सांगत होते, आणि तिथले लोक हसत होते. राही फोन धरून उभी होती. हसणं ओसरेपर्यंत वाट बघण्याशिवाय तिला दुसरं काही करता येण्याजोगं नव्हतं.

"जी. … जी, साहेब. आधीचे सगळे रंग रद्द. … मारा फुली. … तुमचा नुकसान झाला, साहेब, पदर पसरते. … नाय, एकपण खरा धरू नका. … जी. … शिकलेला माणूस? … इथं विठूभाऊ हायत, कचेरीत कारकून. त्यांना दिसतात रंग. … तेच बघतील रोज, तेच लिहितील. … मग नाव? … राहील? … नि बाटल्या, साहेब? बाटल्या धाडणार ना? … उद्याच्या मोटरनं. … देव तुमचा भला करो. …"

तिने फोन दुसऱ्या कानाला लावला. पोरीच्या तोंडावरचा हात आता कुठे काढला.

"हॅलो? … हां, बोला. … ऐकलात ना? … तुमी पण हसलात? … नाय, मी नाय रडत. … गेले सगळे, हो. उजाडायच्या आधी उठून, धुरात डोळे फोडून बघितलेले सगळे रंग गेले. जाऊ दे. … विठूभाऊंना काय सांगू? … निळा? … रोज? … नि नळीत नाय आला निळा तर? … तरी निळा. …"

"लिहीन की," विठू टेबलावरून म्हणाला. टाक दौतीत बुडवून त्याने निथळू दिला. "माझं काय जातंय? पोरीचं भलं होतंय ना, मग निळा तर निळा."

"ते म्हणतात लिहीन. … हो. … नाव परत जायला नको, कळला मला. … अवो, पण ऐका ना. … साहेब त्या रंगावरनंच सुईचा माप ठरवतात ना? विटकरी दिसला की औषध वाढवतात, निळा दिसला की उतरवतात. मागल्या खेपेला उतरवलानी होता की. … मग इथनं रोज निळाच गेला, तर ते माप उतरवीतच जातील! … अवो, पोरीला पुरायचा कसा? … साहेबांना विचारा. … नाय, असा कसा विचाराल, खराय. … मग मी काय करू? खरा सांगितला तर बंद, खोटा सांगितला तर कमी… अवो? … ऐकताय ना? … हॅलो? … हॅलो? … बाय, जोड गो परत! … हॅलो?"

तारेवर काहीच नव्हतं. खरखरही नव्हती.

विठूने खणातून कोरं कार्ड काढलं, वर तारीख घातली आणि पोरीचं नाव लिहिलं.

"राही, आजचा काय होता गो?" त्याने विचारलं. "का निळाच घालू?"

ती अजून फोन कानाला धरून उभी होती.