पातळ तेल

हॅलो?… हां, बोल चिमे… नाही गं, जेवतेय कुठली, गाडीखाली आहे… बाबांच्या! आणखी कुणाची गाडी आहे आपल्याकडे?… हो, हो… अगं ऐक ना. इंजिनातलं तेल काढतेय.

…नवीनच आहे, माहितीये मला. मिस्त्रींनी परवाच सगळं बदललं. ब्रेकऑइल बदललं, कूलंट घातलं, त्याबद्दल मी कुठं काय म्हणतेय? बाबा कूलंटऐवजी नळाचं पाणी घालायचे, आतून सगळं गंजून लाल झालं होतं… पण इंजिनात त्यांनी जाड तेल घातलं. झिजलेल्या इंजिनाला जाडच लागतं म्हणे… अगं, बरोबरच आहे त्यांचं! तिथंच तर घोडं पेंड खातंय.

टकटक गेली ना… बाबांच्या गाडीची टकटक. ते हट्टानं पातळ तेल घालायचे, गाडी कोपऱ्यावर वळली की घरात कळायचं… हो, तीच. ती ऐकली की तू घाईनं पुस्तक काढून बसायचीस. आता मांजरासारखी येते, चाहूल नाही.

…आईला काय फरक पडतो? तू लांब राहतेस म्हणून विचारतेस. बाबा गेले हे तिच्या डोक्यात राहतच नाही. रोज संध्याकाळी तेच, 'अजून कसे आले नाहीत?' मग मी गाडी एक चक्कर फिरवून आणते. टकटक ऐकली की म्हणते, 'आले.' आणि मुकाट्यानं जेवते… बाबा गेल्यापासूनच म्हण ना… नाही सांगितलं, कारण तू रडली असतीस. रडतेच आहेस बघ.

…आता? आता घास घेत नाही. काल गाडी आणली, तर मला म्हणते, 'दार लाव. कुणीतरी परकं आलंय'… मीच होते गं! तरी रात्रभर दिवा चालू ठेवून झोपले, हसू नकोस.

…हो, पातळच आणलंय. दुकानदारानं दोनदा विचारलं, 'एवढ्या जुन्या गाडीत? इंजिन बसेल हो ताई.' म्हटलं, बसू दे… अगं, कळतं मला! आज ना उद्या बंद पडणार. पण आज आई जेवायला हवी की नको?… हां. मग?

…नाही, अजून भरलं नाही. जाड आहे ना, सावकाश गळतंय घमेल्यात… थांब जरा. आई हाक मारतेय… काय गं आई?… काय?… आले, आले!

'दार उघड' म्हणतेय. 'आले ते' म्हणतेय.

…नाही सुरू केली! इंजिनात तेल नाही, कशी सुरू करीन? किल्ली माझ्या खिशात आहे… रस्त्यावर कुणी नाही. फाटकातच उभी आहे मी, बघतेय ना… भास? तिला होईल भास, चिमे, ती म्हातारी आहे…

मलाही ऐकू आली गं.

…हो, टकटक. कोपऱ्यावरून इथपर्यंत. आणि मग थांबली… नाही, शेजाऱ्यांना नको बोलावूस. अगं, नको म्हणते ना! ती उठलीये. स्वतःच्या हातानं ताटं मांडतेय… चिमे, कोण का असेना. ती जेवेल तरी.

ठेवते. दार उघडते आधी.